सर्दी झालेली गाणी

आमच्या घरातला कॅसेट डेक वारला तेव्हा बाबा त्याच्या शेजारीच बसले होते. शेवट शांत झाला. गाणं चालू असताना आवाज जाड होत गेला, गायिका आधी गायक झाली, मग म्हैस झाली, आणि मग काहीच झालं नाही. बाबांनी झाकण उघडून कॅसेट बाहेर काढली. बाहेर लोंबणारी टेप बारक्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून आत गुंडाळली आणि म्हणाले, "गेला."

आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. कोणीतरी पंखा बंद केला. तो मीच होतो. का केला, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी काहीतरी बंद करायला हवं असं वाटलं.

बाबा घड्याळजी. म्हणजे होते. त्यांचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की बाबांना श्वास बाहेर सोडावा लागे. काचेचं एक टेबल, वर वाकवलेला दिवा, डोळ्याला भिंग, आणि मागच्या भिंतीवर दुरुस्त झालेली घड्याळं. ती सगळी एकच वेळ दाखवायची. बाकीच्या दुकानांत भिंतभर घड्याळं भिंतभर मतं मांडतात. बाबांच्या दुकानात एकमत होतं. रस्त्यावरून जाणारे लोक आत डोकावून आपापलं मनगट दुरुस्त करून पुढे जायचे. बाबा त्यांच्याकडे बघायचेही नाहीत, पण त्यांचे कान लाल व्हायचे. ते त्यांचं हसणं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही. चहाच्या कपाला चालून जाईल इतपतच, पण केसाएवढ्या स्प्रिंगला ते चालण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. बाबांनी एका दुपारी शटर ओढलं, किल्ली जागामालकाला दिली, घरी येऊन जेवले आणि म्हणाले, "झालं." त्यानंतर त्यांच्या दिवसात वेळेवर होणारी एकच गोष्ट उरली होती. दुपारी चारला डेकसमोर खुर्ची ओढायची, कॅसेट लावायची, आणि खुर्चीच्या हातावर एका बोटाने ठेका धरायचा. ठेका धरताना त्यांचा हात थरथरत नसे. हे मी पाहिलं होतं, आईने पाहिलं होतं, आणि बाबांनीही पाहिलं असणार, कारण हल्ली ते कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकायला लागले होते.

डेक गेल्यावरही ते चारला खुर्ची ओढून बसायचे. समोर बंद डेक, बाजूला दोन धडधाकट स्पीकर, मध्ये शांतता. उजवा हात गुडघ्यावर थरथरायचा आणि डाव्या हाताने ते त्याला दाबून धरायचे, पाहुण्यांसमोर मस्ती करणाऱ्या पोराला धरावं तसं.

"याचं काहीतरी कर," आई मला म्हणाली.

"डेकचं?"

"डेकला कोण विचारतंय."

डेकची मोटर जळली होती आणि तशी मोटर कुठेच मिळेना. पूर्वी डेक दुरुस्त करणारा गल्लीतला माणूस आता मोबाईलची कव्हरं विकत होता. त्याने डेककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला एक कव्हर दाखवलं. अँप्लिफायर आणि स्पीकर मात्र ठणठणीत होते. तेव्हा मी ठरवलं की जुन्या अँप्लिफायरला इंटरनेटवरून गाणी आणणारं एखादं यंत्र जोडून द्यायचं. बाबांचं चार वाजताचं परत आणायचं, एवढंच. सोपं काम होतं. मी तसं आईला सांगितलंही. माझ्या आयुष्यात मी 'सोपं आहे' म्हटलेल्या कामांची एक वेगळी स्मशानभूमी आहे.

असली यंत्रं विकणाऱ्याचं दुकान एका टायरवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. आत जाताना बूट काढायला लागले. जाड गालिचा, खाली ओढलेले पडदे, माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि खोलीच्या बरोबर मध्ये एकच खुर्ची. दुकानदार चाळिशीचा, सडपातळ, आणि अतिशय हळू आवाजात बोलणारा होता. बाजूला कोणीतरी झोपलंय असं वाटावं इतका हळू. मी मनातल्या मनात त्याचं नाव कानसेन ठेवलं.

"अँप कोणता आहे?" त्याने विचारलं.

मी फोनवर फोटो दाखवला. तो त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला.

"हा चालू आहे?"

"चालू आहे."

"कोणी उघडला होता का?"

"नाही. त्यावर एक फुलदाणी ठेवायचो आधी. आता ठेवत नाही."

त्याने डोळे मिटले, फुलदाणी सहन केली, आणि परत उघडले. "हे बघा. अँप आणि स्पीकर म्हणजे तुमचं घर. घर उत्तम आहे. तुम्हाला फक्त दार हवंय, गाणं आत यायला. दारं तीन प्रकारची असतात. एकेक घरी नेऊन ऐका. विकत घ्यायची घाई करू नका. ज्यांच्यासाठी घेताय त्यांच्या कानाला पटलं पाहिजे."

हे शेवटचं वाक्य बोलल्याचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला.

पहिलं दार म्हणजे काडेपेटीएवढा ब्लूटूथचा डबा. तो अँपला जोडायचा आणि गाणं फोनवरून पाठवायचं. चारला बाबा खुर्ची ओढून बसले. आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. मी बाबांचं सगळ्यात आवडतं गाणं लावलं, निळ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूचं पहिलं. सुरुवातीची सतार वाजली, गायिकेने सूर लावला. बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर एकदा पडलं, दोनदा पडलं, मग हवेतच राहिलं.

"मंद आहे," बाबा म्हणाले.

"आवाज वाढवू?"

"आवाज नाही. गाणं मंद चाललंय. आणि बाईला सर्दी झालीय."

"बाबा, हे डिजिटल आहे. याला हळू चालता येत नाही."

"हळू सगळ्यांनाच चालता येतं."

मी उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला, घाईत माझ्या बोटाने उचलला गेला, गाणं मध्येच थांबलं आणि दोन्ही स्पीकरमधून, छतातून आल्यासारखा, माझ्या ताईचा आवाज सगळ्या घरात घुमला. "अरे, उचललास का रे? आईला विचार, पाठीला लावायचं ते मलम कुठलं?"

आई वर बघून म्हणाली, "हिरव्या झाकणाचं." आकाशवाणीला उत्तर द्यावं तसं.

"हा परत कर," बाबा म्हणाले.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात असं मानलं जायचं की जगातली सगळी गाण्याची यंत्रं मंद चालतात. कोणाच्या समारंभाला गेलो, हॉलमध्ये एखादं ओळखीचं गाणं लागलं की बाबा मान तिरकी करायचे आणि यजमानाला बाजूला घेऊन सांगायचे, "तुमचं मशीन मागे पडतंय. पट्टा ढिला झाला असेल. बघून घ्या." यजमान बिचारे हो म्हणायचे. घड्याळजीला वेळेबद्दल कोण उलट बोलणार? दुकानात बाबा गाणं लावायचे नाहीत, तिथे त्यांना टिकटिक ऐकायची असे. म्हणजे गाणं असं ऐकायचं ते घरीच. मीही ते तसंच मानत मोठा झालो. शाळेत मला गायला उभं केलं तेव्हा पेटीवाल्या बाई माझ्यामागे धावत होत्या. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाळा, तुला कुठे जायचंय का?" मला वाटलं, बाईंची पेटी मंद आहे.

दुसरं दार म्हणजे वहीएवढा चपटा डबा. हा वायफायवरून स्वतःच गाणं आणायचा, फोन फक्त हुकूम सोडायला. ताई मध्ये येऊ शकत नव्हती. जोडल्याबरोबर त्याने सांगितलं की तो अपडेट होतोय.

"काय करतोय?" बाबांनी विचारलं.

"स्वतःला सुधारतोय."

"आत्ताच तर घरात आला."

सुधारून झाल्यावर त्याने गाणं लावलं. बाबांचं बोट पडलं, आणि थांबलं.

"मंद."

"तितकंच?"

"तितकंच. सर्दी तीच आहे. दोघांच्या घरची माणसं एकमेकांना भेटली असतील."

गाणं संपलं. दोन गाण्यांमधली ती रिकामी जागा आली, जिथे निळ्या कॅसेटवर थोडी खरखर असायची आणि त्या खरखरीतच बाबा पुढच्या गाण्याचा सूर आधी लावून ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं की गायिका बाबांचं ऐकून सुरुवात करते. आजही त्यांनी सवयीने सूर लावला. डब्याने भलतंच, उड्या मारणारं काहीतरी सुरू केलं.

"हे कोणी लावलं?"

"त्याने. त्याला वाटलं तुम्हाला आवडेल."

बाबा त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयाने थेट फ्रीज उघडावा, तेव्हा सासरे बघतील तसं. "त्याला सांग, आपली ओळख नाही."

मी कानसेनला फोन केला.

"डिजिटलमध्ये मंद असा प्रकारच नसतो," तो कुजबुजला.

"बाबा म्हणतात असतो."

"वडील काय करतात?"

"घड्याळं दुरुस्त करायचे. सगळं आयुष्य."

"मग मोठा डबा पाठवतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आत्मविश्वास थोडा खाली बसल्यासारखा वाटला.

मोठ्या डब्याला पुढे हाताएवढी स्क्रीन होती. गाण्याचं नाव, गायिकेचा फोटो, आणि खाली गाणं किती झालं त्याचे मिनिट-सेकंद. आत म्हणे आकड्यांचं गाणं करणारा स्वतंत्र भाग होता आणि तो फार नावाजलेला होता. बाबांनी ऐकलं. या वेळी बोट उचललंसुद्धा नाही. हात गुडघ्यावर तसाच थरथरत राहिला.

"आवाज छान आहे," ते म्हणाले. "सतारीची तार वेगळी ऐकू येते. पण चाल मंदच आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "राहू दे रे. नको त्रास घेऊस. माझंच काहीतरी बिघडलं असेल आता."

आई दारातून आत निघून गेली. डेक गेला त्या दिवशी वाटलं नव्हतं, पण घरातलं कोणीतरी जातंय असं मला तेव्हा वाटलं. हात गेला होता, दुकान गेलं होतं, आणि आता बाबा स्वतःच्या कानावरही शटर ओढायला निघाले होते. बाबांना बरोबर ठरवणारा एक तरी डबा मला हवा होता. जगात तसा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला कानसेन स्वतःच घरी आला. हातात वायरींची पिशवी, चेहऱ्यावर रोग्याला तपासायला आलेल्या डॉक्टरची काळजी. दारात बूट काढले, सॉक्ससुद्धा काढायच्या बेतात होता, आईने थांबवलं.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या मते गाणं कुठल्या चालीत हवं, जरा ठेका धरून दाखवता?"

बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरला. हात स्थिर झाला. ठेका तर असा की त्यावर कोणीही घड्याळ लावून घ्यावं. कानसेनने डब्यावर गाणं लावलं. बाबांचा ठेका पहिल्या ओळीला बरोबर होता, दुसऱ्या ओळीला थोडा पुढे, कडव्याला आणखी पुढे. चुकत कुठेच नव्हता, फक्त पुढे जात होता. सरळ, शिस्तीत, न घसरता पुढे. कानसेनच्या कपाळावर आठी पडली.

"दूध संपलंय," बाबा उठत म्हणाले. "पाहुणा आलाय, चहा तर हवा." आणि पिशवी घेऊन खाली गेले. मी जातो म्हणालो, पण त्यांना बाहेर पडायचंच होतं.

दार लागल्याबरोबर कानसेन डेककडे वळला. "हा बघू का?"

त्याने चार स्क्रू काढून वरचं झाकण उचललं आणि आत वाकला. बराच वेळ वर आलाच नाही. शेवटी कुजबुजला, "हे चाक कोणी बनवलं?"

मोटरच्या दांड्यावर एक पितळी चाक होतं. त्यावरून पट्टा, पट्ट्यावर टेपची चाल. चाक इतकं सुंदर होतं की दागिना म्हणून गळ्यात घालावं.

"ह्यांनी," आई म्हणाली. "माझ्या भावाने हा डेक भंगारात टाकला होता. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. ह्यांनी तो आणला, आणि दुकानातल्या छोट्या लेथवर रोज थोडं थोडं करत ते चाक कोरलं."

"मावशी, काम अप्रतिम आहे. पण हे केसभर मोठं झालंय. त्यामुळे हा डेक पुढे पळतोय. पहिल्यापासून."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती दचकेल. ती पितळी चाकाकडे, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या माहेरी रेडिओ होता रे. गाणी पाठ होती मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चाक बसवलं, पहिलं गाणं लागलं, आणि ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. कान लालबुंद. मी म्हटलं, 'छान.'" तिने खांदे उडवले. "आता एकदा छान म्हटल्यावर नंतर कधी सांगणार? मंगळवारी?"

मी म्हणालो की बाबांना आता सांगून टाकू, म्हणजे ते स्वतःच्या कानाला दोष देणार नाहीत.

"कानाला देणार नाहीत, हाताला देतील," आई म्हणाली. "ज्या हाताने आयुष्यभर लोकांचे सेकंद नीट केले, त्याने स्वतःच्या घरात चूक केली, असं म्हणतील. हात चांगला होता तेव्हासुद्धा चांगला नव्हता, असं. नको." मग ती कानसेनकडे वळली. "तुमचा डबा थोडा पळवता येईल का?"

कानसेनने डब्यावर हात ठेवला, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "एक सोय आहे. वाद्य शिकणाऱ्यांसाठी असते. चाल आणि पट्टी वर सरकवता येते. मी आजवर कोणाला दाखवली नाही. मावशी, मी सगळ्यांना हेच सांगत आलोय की मूळ गाण्याला धक्का लावू नका."

"मग आज एका माणसासाठी लावा."

त्याने लावला. लावताना तोंड भिंतीकडे केलं होतं. आई डोळे मिटून ऐकत सूचना देत होती. "अजून. अजून थोडं. जरा मागे. बस्स." आणि खोलीत आमचं गाणं आलं. डेक, माझी शाळा, उन्हाळ्यातल्या दुपारी, फरशीवर पालथं पडून कॅसेटच्या खोक्यांचे मनोरे रचणं, सगळं त्या केसभर फरकात होतं. मला कळलं की मी पण त्या चुकीतच लहानाचा मोठा झालो होतो आणि तिथे मला फार बरं वाटत होतं.

बाबा दुधाची पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"हे कोण गातंय?"

"तीच," मी म्हणालो.

"बरी झाली?"

"वायर बदलली, काका," कानसेन म्हणाला आणि आतून थोडा मेला.

बाबा चपलांसकट आत आले. खुर्चीवर बसले. दुधाची पिशवी मांडीवर तशीच. बोट पडलं, परत पडलं, चुकलं नाही. हात दगडासारखा स्थिर. कान लाल. आईने त्यांच्या मांडीवरून हळूच पिशवी उचलली आणि चहा टाकायला गेली. कानसेनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काम सोपं होतं, असं मला परत वाटायला लागलं, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या कडव्याला बाबांची नजर स्क्रीनवर गेली. गाण्याखालचे सेकंद सरकत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मनगटावरचं घड्याळ काढून स्क्रीनच्या शेजारी धरलं. बोट थांबलं होतं. एकदा इकडे, एकदा तिकडे, गाणं संपेपर्यंत त्यांनी दुसरं काही बघितलं नाही.

"याचा सेकंद लहान आहे," ते म्हणाले.



"काका, ते आकडे अंदाजे असतात," कानसेन म्हणाला.

"सेकंद अंदाजे नसतो." त्यांचा आवाज दुकानातला होता, मी तो वर्षभर ऐकला नव्हता. "काल हाच डबा नीट मोजत होता. मी बघितलं होतं. आज पळतोय. याला पळवलं कोणी?"

कानसेनने माझ्याकडे बघितलं, मी स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या आईकडे, आईने मागे उकळणाऱ्या चहाकडे. बाबांनी आमच्या तिघांवरून नजर फिरवली आणि ती डेकवर थांबली. झाकणाच्या स्क्रूंवर. बाबा स्क्रू बसवतात तेव्हा सगळ्यांच्या खाचा एका रेषेत, उभ्या ठेवतात. कानसेनने झाकण परत बसवताना त्या वाटेल तशा ठेवल्या होत्या.

त्यांनी कपाटातून स्क्रूड्रायव्हर आणला, भिंग आणलं. हात थरथरत होता, टोक खाचेत बसेना. चारही स्क्रू त्यांनी स्वतःच काढले. खूप वेळ लागला. मदत करू का, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. मग भिंग डोळ्याला लावून ते त्या पितळी चाकाकडे बघत राहिले.

"मोठं झालंय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचं घड्याळ इतकं पुढे गेलं असतं तर मी तोंड दाखवलं नसतं."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. हातात चहाचा ट्रे होता.

"काय?"

"डेक पुढे जातो ते."

"कधीपासून?"

"पहिल्या गाण्यापासून."

बाबांनी भिंग खाली घेतलं. "आणि मी लोकांच्या समारंभात जाऊन सांगत होतो, तुमचं मशीन मागे पडतंय."

"हो."

"तू शेजारी उभी असायचीस."

"हो. मान डोलवायचे."

"एकाने माझं ऐकून नवीन मशीन आणलं होतं."

"दोघांनी," आई म्हणाली.

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, आता रडतात. कानसेनला पण तसंच वाटलं, कारण तो बूट शोधायला लागला. पण आई ट्रे धरून शांत उभी होती, म्हणून मी बाबांच्या कानांकडे बघितलं. लाल होते. ते हसत होते. आवाज काढून हसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते एखादं जड कपाट हलवल्यासारखं ऐकू येत होतं.

"काका," कानसेनने दारातूनच विचारलं, "मग डबा कसा ठेवू? बरोबर, की तुमचा?"

बाबांनी विचार केला. आमचं सगळं घर त्या लहान सेकंदात राहत होतं.

"बरोबर ठेव," ते म्हणाले. "आता कळल्यावर चुकीचं चालवता येणार नाही मला."

कानसेनने चाल मूळ जागी आणली आणि पहिल्यापासून गाणं लावलं. सतार आली, गायिका आली, सर्दीसकट. बाबांचं बोट आधी पडलं. त्यांनी ते उचललं, परत आधी पडलं. हात थरथरायला लागला आणि डावा हात त्याला दाबायला पुढे आला. तेवढ्यात आईने चहा ठेवला, खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली, आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर स्वतःच्या बोटाने ठेका धरला. ती दोन्ही चाली ओळखत होती. बाबा तिच्या बोटाकडे बघत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांचं बोट तिच्या बोटामागोमाग पडायला लागलं. हात अजून थरथरत होता. पण डाव्याने त्याला दाबलं नाही.

पहिली ओळ संपली, आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी काहीतरी बारीकसं ऐकू आलं.

"ही इथे श्वास घेते," बाबा म्हणाले.

"घेते."

"आपल्याकडे कधी घेतला नाही."

"आपल्याकडे तिला वेळ कुठे होता?"

बाबांनी पुढचा श्वास येईपर्यंत ठेका धरला. मग मान तिच्याकडे न वळवता, अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

आईने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. आठवत होती असं वाटलं, आणि आठवायला बरंच असावं असंही वाटलं.

"गाणं संपू दे," ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली आणि थांबले. गाणं मोठं होतं.